अंथरूण मोजून लिहिलेला सिनेमा

नदीत माणसं खाणारे मासे शिरलेत हे एकदा कळलं, की माणसं पाण्यात उतरतीलच कशाला? सगळे काठावर बसून राहिले तर चित्रपट विसाव्या मिनिटाला संपला. स्वस्तात आणि झटपट चित्रपट काढणारा अमेरिकी निर्माता रॉजर कॉर्मन याच्या न्यू वर्ल्ड पिक्चर्सने ‘पिरान्हा’ची पटकथा पुन्हा लिहायला जॉन सेल्स नावाच्या तरुण कादंबरीकाराकडे दिली, तेव्हा त्याच्यापुढचा मुख्य प्रश्न हाच होता. उत्तर चित्रपटभर पसरलेलं आहे. नदीच्या खालच्या अंगाला मुलांचं उन्हाळी शिबिर आहे, त्याच्याही खाली नव्या रिसॉर्टचं उद्घाटन आहे. जीप आपटलेली असल्यामुळे नायक-नायिकेला ओंडक्यांच्या तराफ्यावरून जावं लागतं, आणि मासे नेमके ते ओंडके बांधलेले दोर कुरतडतात. पाण्यात उतरायला प्रत्येकाला स्वतःचं कारण दिलेलं आहे. १९७८ साली आलेल्या या चित्रपटाच्या लेखनाचे सेल्सला १०,००० डॉलर मिळाले.

या पैशाचं पुढे काय झालं ते पाहिलं की त्याची सगळी कारकीर्द उलगडते. कॉर्मनसाठी त्याने ‘द लेडी इन रेड’ आणि ‘बॅटल बियॉन्ड द स्टार्स’ अशा आणखी दोन पटकथा लिहिल्या, आणि या कामांतून साठलेल्या पैशांवर स्वतःचा पहिला चित्रपट काढला. पुढची तीन दशकं हाच क्रम चालू राहिला. इतरांसाठी मगरी, नरलांडगे, अंतराळवीर. स्वतःसाठी खाणकामगार, बेसबॉलचे विकले गेलेले खेळाडू, टेक्सासच्या सीमेवरचा पोलीसप्रमुख. स्वतंत्र दिग्दर्शक म्हटलं की स्टुडिओच्या दारावर लाथ मारून निघालेला बंडखोर डोळ्यांसमोर येतो. सेल्स बंडखोर कमी आणि हिशेबी जास्त. मला त्याचं मोठेपण या हिशेबीपणातच दिसतं, आणि त्याच्यावर लिहिणारे बहुतेक जण त्याच्या राजकारणाविषयी भरभरून बोलतात पण हिशेबाला एखाद्या वाक्यात उरकतात, याचं नवल वाटतं.

त्याचा जन्म २८ सप्टेंबर १९५० चा, न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडी या कारखान्यांच्या गावातला. मॅसॅच्युसेट्समधल्या विल्यम्स कॉलेजातून १९७२ मध्ये मानसशास्त्राची पदवी. मग वृद्धाश्रमात रुग्णसेवक, सॉसेजच्या कारखान्यात कामगार, रोजंदारीवरची मिळतील ती कामं. १९७५ मध्ये पहिली कादंबरी आली. दुसरी, ‘युनियन ड्यूज’, १९७७ ची. ती नॅशनल बुक अवॉर्डच्या अंतिम यादीपर्यंत गेली. म्हणजे मासे लिहायला घेतले तेव्हा तो साहित्यात नाव झालेला माणूस होता. त्याला त्यात कमीपणा वाटला नाही ही त्याच्या स्वभावातली कळीची गोष्ट.

कॉर्मनकडे एक शिकायला मिळायचं ते असं: लिहिलेलं वर्षभराच्या आत खरोखर पडद्यावर यायचं. मोठ्या स्टुडिओत लेखकाला पैसे भरपूर मिळत, पण दहातल्या आठ-नऊ संहिता कपाटात जात. इथे मात्र आपण लिहिलेल्या वाक्याची किंमत किती, ते लगेच कळे. ‘घोडेस्वारांची तुकडी येते’ हे वाक्य लिहायला पाच सेकंद लागतात. चित्रित करायला घोडे लागतात, खोगिरं लागतात, घोडेवाले, चारा, ट्रक आणि अख्खा दिवस लागतो. आणि दुपारी पाऊस आला तर दुसरा दिवस. स्वस्त चित्रपट बिघडतात ते बहुधा शूटिंगमध्ये नाही, कागदावरच. निर्माता तुकडीतले घोडे वीसवरून चारवर आणतो, आणि पडद्यावर चार घोडे केविलवाणे दिसतात. त्यापेक्षा घोडे न लिहिणं बरं.

अंथरूण पाहून पाय पसरावेत असं आपण म्हणतो. सेल्सने आधी अंथरूण मोजलं आणि मग त्या मापाची गोष्ट लिहिली. हाताशी काय होतं? सुमारे ४०,००० डॉलर. उन्हाळी नाटक कंपनीत सोबत काम केलेले काही नटमित्र. सगळे चांगले, सगळे अप्रसिद्ध, सगळे तिशीच्या उंबरठ्यावर, आणि स्क्रीन अॅक्टर्स गिल्ड या नटांच्या संघटनेचे सभासद नसल्यामुळे किमान वेतनाच्या करारात न अडकलेले. न्यू हॅम्पशायरमधल्या नॉर्थ कॉनवे या गावात हिवाळ्याचा हंगाम नसताना भाड्याने मिळणारी स्कीइंगवाल्यांची एक वास्तू. बॉस्टनहून येऊ शकणारे थोडे तंत्रज्ञ आणि १६ मिलिमीटरचा कॅमेरा.

आता यातून गोष्ट कशी निघते पाहा. नट तिशीचे आहेत, तर गोष्ट तिशीत येण्याची. एकही नट प्रसिद्ध नाही, तर एका नायकावर चित्रपट उभा करता येणार नाही. सात-आठ जणांत वजन वाटायचं. जागा एक आहे, तर सगळ्यांनी तिथे जमण्याचं निमित्त हवं. म्हणून साठच्या दशकात चळवळीत असलेल्या, मोर्च्याला जाताना न्यू जर्सीतल्या सकॉकस गावात अटक झालेल्या मित्रांचं आठवड्याअखेरचं संमेलन. ‘रिटर्न ऑफ द सकॉकस सेव्हन’. ज्या वास्तूत शूटिंग, तिथेच युनिट राहणार, तिथेच जेवणार. रोज सकाळी लोकांना गाड्यांतून नेण्याआणण्याचा तास वाचला, आणि पंचवीस दिवसांच्या शूटिंगमध्ये पंचवीस तास म्हणजे जवळजवळ अडीच दिवस.

सगळ्यात हुशार निर्णय कॅमेऱ्याचा. कॅमेरा रुळांवरून हलवायचा तर रूळ टाकावे लागतात, जमीन असमान असेल तिथे लाकडी पाचरी ठोकून समपातळीत आणावे लागतात, नटांच्या उभं राहण्याच्या जागांवर खुणा कराव्या लागतात, फोकस ओढणाऱ्याला प्रत्येक खुणेचं अंतर फितीने मोजावं लागतं, आणि मग तालमी. कसबी माणसं असतील तरी तास-दीड तास सहज जातो. कच्च्या युनिटला त्याहून जास्त. सेल्सने ठरवलं की कॅमेरा जवळजवळ हलणारच नाही. पण दीड-पावणेदोन तास स्थिर कॅमेरा पाहवणार कोणाला? यावर उपाय पुन्हा लेखनातच: पात्रं एवढी जास्त ठेवायची की हालचाल संकलनातून येईल. इकडे स्वयंपाकघरात दोघी बोलतायत, तिकडे अंगणात दोघं, वर खोलीत तिसरीच भानगड. एका गप्पेतून दुसरीत उडी मारली की चित्र धावतंय असं वाटतं. लोकांना ती कथनाची शैली वाटली. खरं तर ती डॉलीचं, म्हणजे कॅमेऱ्याच्या त्या रुळांवरच्या गाडीचं, भाडं वाचवण्याची तजवीज होती.

अर्थात फुकट काहीच नसतं. आठ जण जेवणाच्या टेबलाभोवती बसवले की कॅमेऱ्याच्या नजरेच्या रेषेचा घोळ होतो. दोघंच असतील तर त्यांच्यामधून जाणारी एक रेषा ओलांडायची नाही एवढा नियम पुरतो. आठ जणांत दर वाक्याला ही रेषा बदलते. कोण कोणाकडे पाहून बोललं ते लिहून ठेवलं नाही, तर संकलनाच्या टेबलावर असं दिसतं की माणूस समोरच्या मित्राऐवजी भिंतीशी बोलतोय. शिवाय ग्लासातली दारू, सिगारेटची लांबी, ताटातलं अन्न हे सगळं प्रत्येक शॉटला जुळावं लागतं.

कोण कोण आहे हे प्रेक्षकाला सांगायची अडचणही त्याने अशीच सोडवली. आयरीन आपल्या नव्या मित्राला, चिपला, संमेलनाला घेऊन येते. त्याला कोणीच माहीत नाही. त्यामुळे गाडीत ती त्याला एकेकाचा इतिहास सांगते आणि आपण ऐकतो. आणि नुसत्या गप्पांचा कंटाळा येऊ लागतो तिथे बास्केटबॉलचा सामना घातलाय. मॉरा या मैत्रिणीचा माजी प्रियकर आणि नवा उमेदवार एकमेकांना कोपरं मारतात, धक्के देतात, संवाद जवळजवळ नाहीत. तिच्यावरून दोघांत काय चाललंय ते सगळं कळतं. खर्च? एक चेंडू.

फिल्मच्या खर्चाचं गणित आज मोबाइलवर शूट करणाऱ्यांना कळणं अवघड आहे, म्हणून थोडं सविस्तर. १६ मिलिमीटर फिल्मचं ४०० फुटी रीळ सेकंदाला २४ चौकटींच्या वेगाने सुमारे ११ मिनिटं चालतं. १०५ मिनिटांच्या चित्रपटासाठी दहापट चित्रण करायचं म्हटलं तर ९५ रिळं लागतात. प्रत्येक फुटाचे पैसे तीनदा जातात: कच्ची फिल्म, प्रयोगशाळेतलं धुणं आणि संकलनासाठीची वर्क प्रिंट. म्हणून नटाने चौथ्या टेकला चूक केली की दिग्दर्शकाच्या पोटात गोळा येतो. त्यातून नॉर्थ कॉनवेसारख्या ठिकाणाहून फिल्म शहरातल्या प्रयोगशाळेत जाऊन प्रिंट परत येईपर्यंत दिवस जातात. तोवर कॅमेऱ्याच्या गेटमध्ये, म्हणजे फिल्मवर उजेड पडतो त्या खिडकीत, अडकलेला केसभर धागा प्रत्येक शॉटच्या कोपऱ्यात नाचलेला असतो, आणि ज्या खोलीत तो नाचला ती खोली तुम्ही मोडून दुसरी लावलेली असते. दर शॉटनंतर गेट उघडून टॉर्चने पाहायची सवय युनिटला लावणं हाच एक इलाज.

निगेटिव्ह जोडण्याचं कामही १६ मिलिमीटरला जास्त किचकट. चौकट इतकी लहान, की जोड सरळ पडद्यावर रेघ होऊन दिसतो. म्हणून शॉट आलटून पालटून दोन रिळांवर लावायचे, मधली जागा काळ्या फिल्मने भरायची, आणि छापताना दोन्ही रिळं एकामागून एक चालवायची. मग ३५ मिलिमीटरवर मोठं करणं. नव्या चौकटीचं क्षेत्रफळ जुनीच्या चौपटीहून जास्त, त्यामुळे फिल्मचे कण तेवढेच फुगतात. अंधारे प्रसंग आधीच कमी उजेडात घेतलेले असतील तर पडद्यावर वाळू उडाल्यासारखी दिसते. आणि अमेरिकेतली थिएटरं रुंद चौकटीत दाखवत, म्हणजे वरची-खालची पट्टी कापली जाई. शूटिंगच्या वेळीच डोक्यावर मोकळी जागा सोडली नसेल तर मोठ्या पडद्यावर सगळ्यांची कपाळं गायब.

हे सगळं धरून चित्रपट ६०,००० डॉलरच्या आसपास पूर्ण झाला. सेल्सने संकलन स्वतः केलं, हॉवी नावाचं तीन पोरांच्या बापाचं कामही केलं. मॅगी रेन्झीने केटीची भूमिका केली आणि युनिटचं व्यवस्थापनही सांभाळलं. विल्यम्स कॉलेजपासूनची ही सोबतीण पुढे त्याच्या बहुतेक चित्रपटांची निर्माती झाली. तिच्याशिवाय सेल्सची कारकीर्द ही कल्पनाच करता येत नाही. गावातल्या मेकॅनिकच्या भूमिकेत डेव्हिड स्ट्रॅथर्न होता, तोही विल्यम्सचाच. १९८० मध्ये लॉस एंजेलिसच्या समीक्षकांनी पटकथेचा पुरस्कार दिला आणि तिकीटबारीवर वीस लाख डॉलरच्या आसपास जमले. चित्रपट आज पाहताना काही ठिकाणी नट अवघडलेले दिसतात, उजेड सपाट आहे. पण बोलणं इतकं खरं आहे, की तक्रार करावीशी वाटत नाही.

यानंतरचे दोन चित्रपट दोन टोकांचे. ‘लियाना’साठी त्याने छोट्या छोट्या गुंतवणूकदारांकडून सुमारे तीन लाख डॉलर गोळा केले आणि तो राहत होता त्या न्यू जर्सीतल्या होबोकनमध्ये शूटिंग केलं. ‘बेबी इट्स यू’ला पॅरामाउंटचे पैसे होते, आणि संकलनावरून भांडण झालं. शेवटी चित्रपट बऱ्याच अंशी त्याच्या मनासारखा निघाला, पण दोन्ही १९८३ मध्ये आल्यानंतर त्याने एक अट पक्की केली: अंतिम संकलनाचा हक्क त्याच्याकडे. ही अट ठेवली की बजेट आपोआप खाली येतं. जो पैसे जास्त देतो त्याला कात्री हवी असते. हा व्यवहार त्याने डोळे उघडे ठेवून केला.

त्याच वर्षी त्याला मॅकआर्थर फाउंडेशनची शिष्यवृत्ती मिळाली. पाच वर्षं, वर्षाला तीस हजार डॉलरच्या वर, करमुक्त, कसलीही अट नाही. दुसरा कोणी घराचं कर्ज फेडता. खाणकामगारांवरच्या त्याच्या मोठ्या चित्रपटाचे पैसे नेमके तेव्हा आटले होते. त्याने तो बाजूला ठेवून झटपट दुसरीच संहिता लिहिली आणि न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या काळ्या लोकांच्या वस्तीत ‘द ब्रदर फ्रॉम अनदर प्लॅनेट’ काढला (१९८४), सुमारे साडेतीन लाख डॉलरमध्ये. परग्रहावरचा माणूस, पण यानांच्या लढाया नाहीत, किरणं नाहीत. तो काळा आहे, मुका आहे आणि त्याच्या पायाला तीनच बोटं आहेत, एवढाच काय तो मेकअपचा खर्च. जो मॉर्टनने शब्दाविना ती भूमिका पेलली आणि अर्नेस्ट डिकरसनने रात्रीचं हार्लेम टिपलं. भुयारी रेल्वेत एक पोरगा त्याला जादू दाखवतो: सगळे गोरे गायब करून दाखवू? गाडी मध्य मॅनहॅटन सोडून हार्लेमकडे निघायच्या बेतात असते. स्टेशन येतं, गोरे उतरतात. स्पेशल इफेक्टची एवढी स्वस्त आणि एवढी बोचरी योजना मला दुसरी आठवत नाही.

बाजूला ठेवलेला चित्रपट म्हणजे ‘मेटवान’ (१९८७). वेस्ट व्हर्जिनियातल्या मेटवान गावात १९ मे १९२० रोजी खाणमालकांचे भाडोत्री बंदूकधारी आणि संपकरी कामगारांच्या बाजूने उभा राहिलेला पोलीसप्रमुख सिड हॅटफील्ड यांच्यात गोळीबार झाला आणि दहा जण मेले. त्यांतले सात बाल्डविन-फेल्ट्स एजन्सीचे, म्हणजे त्या भाडोत्री बंदूकधाऱ्यांतले. सेल्सने ही हकिगत त्या भागात लिफ्ट मागत फिरताना ऐकली होती. मूळ गाव बदलून गेलं होतं, म्हणून शूटिंग त्याच राज्यातल्या थर्मंड या जवळजवळ ओसाड रेल्वे वस्तीत केलं. बजेट चाळीस लाखांच्या आत. जुन्या काळाच्या चित्रपटाला हे फारच थोडं, कारण त्यात चौकटीतली प्रत्येक वस्तू विकत घ्यावी, भाड्याने आणावी किंवा झाकावी लागते. विजेचे खांब, खुणांच्या पाट्या, डांबरी रस्ता. यावर युक्ती म्हणजे चौकट अरुंद ठेवायची आणि गर्दी मागेपुढे रचायची: दहा माणसं कॅमेऱ्याजवळ, दहा मधे, दहा लांब, तर तीस माणसं शंभर वाटतात. तीच तीस एका ओळीत उभी केली की तीसच दिसतात.

छायाचित्रण हॅस्केल वेक्सलरचं. दोन ऑस्कर घरी असलेला, साठी ओलांडलेला माणूस या बजेटमध्ये आला तो विषयासाठी. त्याला या चित्रपटासाठी पुन्हा नामांकन मिळालं. क्रिस कूपरचा हा पहिला चित्रपट. नट सगळे युनियनच्या किमान दरावर, जेम्स अर्ल जोन्ससारखा मोठा नटसुद्धा; आणि अंत्यविधीच्या प्रसंगात गाणारी हेझल डिकन्स ही त्याच डोंगरांतली, खाणकामगारांच्या घरातली गायिका. या चित्रपटाच्या निर्मितीवर सेल्सने ‘थिंकिंग इन पिक्चर्स’ हे पुस्तक लिहिलं. सिनेमा शिकणाऱ्याने ते वाचावंच, कारण त्यात कलेच्या गप्पा कमी आणि ‘हा प्रसंग इथेच का, हा शॉट एवढाच का’ याची उत्तरं जास्त आहेत.

तालमींना त्याच्याकडे वेळ नसतो. नटाला आठवडाभर आधी बोलावलं की त्याचं राहणं, जेवण, भत्ता सुरू. त्याऐवजी तो प्रत्येक नटाला त्याच्या पात्राचं चरित्र लिहून पाठवतो, पान-दोन पानांचं. दोन वाक्यं बोलणाऱ्या दुकानदारालाही. तो कुठे जन्मला, कोणावर चिडून आहे, गेल्या वर्षी त्याचं काय बिनसलं. पोस्टाच्या तिकिटात तालीम उरकते. छोट्या भूमिकेतली माणसंसुद्धा त्याच्या चित्रपटांत भरीव वाटतात त्याचं रहस्य एवढंच.

ऐंशीच्या दशकात अशा चित्रपटांना पैसा मिळायचा त्यात व्हिडिओ कॅसेटचा मोठा वाटा होता. दुकानांना माल हवा होता, त्यामुळे कॅसेटचे हक्क शूटिंगआधीच विकले जात आणि त्या आगाऊ रकमेवर बजेटचा मोठा भाग उभा राही. पुढे दुकानं भरली, आगाऊ रकमा आटल्या. मग डीव्हीडीने काही वर्षं तारलं, आणि तेही ओसरलं. सेल्सच्या कारकिर्दीचा आलेख त्याच्या प्रतिभेपेक्षा या बाजाराच्या आलेखाशी जास्त जुळतो हे कटू आहे.

‘सिटी ऑफ होप’ (१९९१) सिनसिनाटीत चित्रित झाला. तीसहून अधिक बोलती पात्रं आणि हातात वेळ मोजका. इथे त्याने पहिल्या चित्रपटाच्या उलट केलं. कॅमेरा स्टेडिकॅमवर, म्हणजे चालतानाही चित्र हिसकू न देणाऱ्या, अंगावर बांधायच्या साधनावर, सतत फिरता ठेवला: दोघं बोलत चालले आहेत, तिसरा त्यांना ओलांडतो, कॅमेरा त्याच्यामागे जातो, तो चौथ्याला भेटतो. दिसायला उधळपट्टी, आत पुन्हा हिशेब. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट. वेळापत्रक करताना पानाचेही आठ भाग पाडतात. प्रत्येक नव्या कोनासाठी दिवे हलवायचे म्हणजे तासभर. तीन पानांचा प्रसंग आठ कोनांतून घेण्याऐवजी एकाच सलग शॉटमध्ये घेतला, तर सकाळ तालमीत जाते आणि दुपारी तीन पानं पदरात पडतात. धोका असा की शेवटच्या ओळीला नट अडखळला तर पहिल्यापासून सुरुवात, आणि एखादा टेक मधेच ढिला असला तरी तो लपवायला दुसरा शॉट नसतो. ज्याला स्वतःचं संकलन स्वतः करायचं असतं, आणि काय नको आहे हे आधी ठाऊक असतं, त्यानेच हे करावं.

‘लोन स्टार’मध्ये (१९९६) हेच तंत्र अर्थासकट परिपक्व झालेलं दिसतं. टेक्सास-मेक्सिको सीमेवरच्या काल्पनिक फ्रोन्टेरा गावात वाळूत एक कवटी आणि पोलिसाचा बिल्ला सापडतो. चाळीस वर्षांपूर्वी गायब झालेला क्रूर पोलीसप्रमुख चार्ली वेड तो हाच का, आणि त्याला आपल्या बापाने मारलं का, हे आताचा पोलीसप्रमुख सॅम डीड्स शोधतो. भूतकाळात जायला सेल्स ना काळा पडदा वापरतो, ना चित्र विरघळवतो. कॅफेत म्हातारा हॉलिस गोष्ट सांगू लागतो, कॅमेरा टेबलावरच्या टॉर्टियांच्या टोपलीवर उतरतो, टोपलीत वेडचा हात येतो, आणि आपण १९५७ मध्ये असतो. एकही कट नाही. हे प्रत्यक्षात करायचं म्हणजे कॅमेरा खाली गेलेल्या त्या चार-पाच सेकंदांत आजचे नट खुर्च्या न वाजवता सटकले पाहिजेत, कालचे येऊन बसले पाहिजेत, दिवे मंद झाले पाहिजेत, तेही चौकटीत उजेडाची उडी न दिसता. यात पैसा वाचत नाही, उलट वेळ जातो. पण कट म्हणजे दोन काळांमधली सीमा, आणि सीमा मानायचीच नाही हा या चित्रपटाचा विषय आहे. तिथे त्याने खर्च केला. पटकथेला ऑस्करचं नामांकन मिळालं, चित्रपटाने एक कोटी डॉलरच्या वर मिळवले, आणि माझ्या मते हा त्याचा सर्वोत्तम चित्रपट. ‘पॅशन फिश’ त्याच्या खालोखाल.

‘मेन विथ गन्स’ (१९९७) स्पॅनिशमध्ये आणि लॅटिन अमेरिकेतल्या आदिवासींच्या भाषांमध्ये आहे. अमेरिकी वितरकाला घाम फोडायला एवढं पुरे. ‘लिम्बो’चा शेवट मुद्दाम अर्धवट सोडलेला आहे. ‘सिल्व्हर सिटी’ मात्र फसला; त्यात निवडणुकीचा राग पात्रांपेक्षा मोठा झाला. सेल्सवर नेहमी घेतला जाणारा आक्षेप, की त्याची माणसं फार बोलतात आणि चित्र मागे राहतं, तो तिथे खरा ठरतो.

या सगळ्या काळात भाड्याचं लेखन चालूच होतं. ‘द हाउलिंग’, ‘अॅलिगेटर’ ही नावासकट. ‘अपोलो १३’सारख्या कित्येकांवर नाव नाही. हे नाव न येणं कारकुनी नियमाने ठरतं. लेखकांच्या संघटनेच्या नियमानुसार दुसऱ्याच्या मूळ पटकथेवर काम करणाऱ्याला श्रेय हवं असेल तर किमान निम्मी पटकथा त्याची असावी लागते, पुस्तकावरून घेतलेली असेल तर एक तृतीयांशाहून अधिक. तीन आठवड्यांत संवाद घट्ट करणारा माणूस या मापात क्वचितच बसतो. पैसे मिळतात आणि माणूस घरी जातो. ‘अॅलिगेटर’मध्ये मात्र त्याने आपली खोडी काढून घेतलीच: गटारात वाढलेली मगर गरीब वस्तीपासून सुरुवात करते आणि वर्ग चढत चढत श्रीमंतांच्या मेजवानीपर्यंत पोहोचते.

‘हनीड्रिपर’ (२००७) हा अलाबामातल्या १९५० सालच्या गाण्याबजावण्याच्या एका अड्ड्यावरचा चित्रपट बहुतांशी सेल्स आणि रेन्झीच्या स्वतःच्या पैशावर निघाला. वितरणही त्यांनी स्वतःच अंगावर घेतलं, गावोगाव जाऊन. चित्रपट गोड आहे. पैसे परत आले नाहीत. ‘अमिगो’ (२०१०) फिलिपिन्समध्ये बोहोल बेटावर, अमेरिकेने तिथे केलेल्या आणि अमेरिकेतच विसरल्या गेलेल्या युद्धावर. ‘गो फॉर सिस्टर्स’ (२०१३) जेमतेम तीन आठवड्यांत, दहा लाखांच्या आत, लॉस एंजेलिसपासून सीमेपलीकडे कितीतरी जागांवर. ज्या माणसाने एका घरात चित्रपट बसवला होता तो आता दिवसाला तीन-तीन ठिकाणी युनिट हलवत होता. त्यानंतर त्याने दिग्दर्शित केलेला चित्रपट आलेला नाही. संहिता तयार आहेत, पैसे नाहीत. त्याची कागदपत्रं मिशिगन विद्यापीठाने घेतली आहेत, जिथे ऑर्सन वेल्स आणि रॉबर्ट ऑल्टमन यांचीही आहेत.

दरम्यान तो पुन्हा कादंबरीकडे वळला होता, आणि इथे त्याने मोजमाप सोडून दिलं. २०११ ची ‘अ मोमेंट इन द सन’ साडेनऊशे पानांची आहे. अलास्का-युकॉनकडची सोन्याची धाव, क्यूबा, फिलिपिन्स, नॉर्थ कॅरोलायनातलं विल्मिंग्टन, सगळं एकत्र. २०२३ ची ‘जेमी मॅकगिलिव्हरे’ तर आधी पटकथाच होती. ती सुरू होते १७४६ सालच्या कलोडनच्या रणांगणावर, स्कॉटिश डोंगरी लोकांच्या पराभवातून, आणि कैद्यांच्या जहाजातून अमेरिकेतल्या फ्रेंच-इंग्रज युद्धापर्यंत जाते. कलोडनवर दोन्ही बाजूंचे मिळून हजारो सैनिक होते, तोफा होत्या, घोडदळ होतं. पटकथेत असतं तर सेल्सनेच ते पहिल्या वाचनात कापलं असतं. कादंबरीत त्याने घोडे ठेवले.